कारखान्यातून कोकणात आलेले घर: एका खरेदीदाराचा अभिप्राय

पुण्याजवळच्या एका कारखान्यात आमच्या आराखड्याप्रमाणे तयार करून घेतलेले आणि दापोली तालुक्यातील वडिलोपार्जित जागेवर आणून उभे केलेले घर आता कोकणच्या पावसाळ्यांतून तावून सुलाखून निघाले आहे, त्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिण्यास हरकत नाही. घर एकमजली, सुमारे साडेसातशे चौरस फुटांचे आणि हलक्या पोलादी सांगाड्याचे आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या एका कंपनीपुरत्या नसून या धंद्याच्या रीतीतच आहेत, असे इतर खरेदीदारांशी बोलल्यावर माझे मत झाले. निष्कर्ष आधीच सांगतो. कारखान्यात जे तयार झाले ते उत्तम झाले; त्रास झाला तो सांध्यांवर. भिंत आणि जोते, छप्पर आणि पडवी, कंपनीचा करार आणि गावातला गवंडी, यांच्यामधली जागा कोणाच्याच जबाबदारीत नसते आणि पाणीही नेमके तिथूनच शिरते.

अशा घराचा विचार करण्याचे कारण निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी या वादळाने श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली या भागांतील हजारो घरांची कौले व पत्रे उडवले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि आमच्या जुन्या चिरेबंदी घराचा लाकडी वासा-रिपांचा सांगाडाही त्यातच खचला. जांभ्या दगडाचे घर पुन्हा बांधणे हा स्वाभाविक पर्याय होता, आणि आजही ज्यांचे कोणी गावात राहते त्यांनी तोच प्रथम तपासावा असे मला वाटते. परंतु कोकणात बांधकामाचा हंगाम दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंतचाच, वादळानंतर गवंडी आणि सुतार मिळणे कठीण, आणि पुण्यात नोकरी करून दर शनिवारी घाट उतरून देखरेख करणे त्याहून कठीण. काम निम्म्यावर असताना पाऊस आला तर अख्खे वर्ष जाते. कारखान्यातले घर घेण्यामागे आमचे गणित एवढेच होते की, जे काम छपराखाली आणि पुण्याच्या आसपास होऊ शकते ते तिथे करून घ्यावे आणि गावातले काम कमीत कमी आठवड्यांचे ठेवावे.

बाजारात ‘मॉड्युलर’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिल्या प्रकारात खोलीच्या खोली, फरश्या आणि नळांसह, कारखान्यात पूर्ण होते आणि ट्रेलरवरून येते. दुसऱ्या प्रकारात भिंतींचे व छपराचे सुटे सांगाडे येतात आणि जागेवर जोडले जातात. केंद्र सरकारने २०२१ च्या १ जानेवारीला ज्या सहा ‘लाइट हाउस’ गृहप्रकल्पांची पायाभरणी केली, त्यांत या दोन्ही पद्धतींचे नमुने आहेत: रांची येथे काँक्रीटच्या पूर्ण खोल्या ओतून एकमेकींवर रचण्याची पद्धत वापरली गेली, तर आगरतळा येथे हलक्या पोलादी सांगाड्याची. ते बहुमजली प्रकल्प आहेत आणि त्यांचे अर्थकारण वेगळे आहे. पण विक्रेता आपल्याला यांपैकी नेमके काय देत आहे, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. आम्हाला दाखवलेले नमुन्याचे घर पहिल्या प्रकारचे होते आणि दिलेला दर दुसऱ्या प्रकारचा होता, हे आमच्या लक्षात दुसऱ्या बैठकीत आले.

कोणता प्रकार घ्यायचा याचा निर्णय अखेर आवडीने नव्हे, रस्त्याने केला. मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट, यापेक्षा अधिक असू शकत नाही. त्याहून रुंद माल न्यायचा तर विशेष परवानगी काढावी लागते. भिंतींची जाडी वजा केली तर या मापात बसणारी खोली आतून जेमतेम आठ फुटांची उरते. महामार्गालगतच्या सपाट जागेवर परवानगी काढून दहा-बारा फुटी खोल्याही नेता येतात, आणि देशावर तशा नेल्या जातात. पण ताम्हिणी घाट उतरून, माणगाव-महाडमार्गे मंडणगडच्या वळणांनी दापोलीकडे येताना आणि शेवटी वाडीतल्या दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून जाताना तो विचार आपोआप मागे पडतो. त्यामुळे आम्ही मधला मार्ग घेतला: न्हाणीघर व शौचालय मिळून एक पूर्ण तयार कप्पा, ज्याला कंपनी ‘पॉड’ म्हणते, आणि बाकीचे सर्व घर सुट्या सांगाड्यांतून. नळजोडणी, फरशी आणि ओल रोखणारे लेपन ही जागेवर हमखास बिघडणारी कामे अशा रीतीने कारखान्यात झाली. माझ्या मते आमच्या संपूर्ण खरेदीतील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि याचे श्रेय कंपनीच्या आरेखनकर्त्याला द्यायला हवे. सूचना त्यांची होती.

आराखडा ठरवण्याच्या टप्प्यावर कंपनीने जो वेळ दिला तो उल्लेखनीय होता. पोलादी सांगाड्याच्या भिंतीत, चिऱ्याच्या भिंतीत ठोकावा तसा कुठेही खिळा ठोकता येत नाही. दोन उभ्या पट्ट्यांमधील अंतर साधारण दोन फुटांचे असते आणि मध्ये केवळ सिमेंट बोर्ड व आत रॉकवूल, म्हणजे उष्णता व आवाज रोखणारा तंतूंचा थर, असतो. म्हणून गीझर, स्वयंपाकघरातील फडताळे, पंखे, देव्हारा, इतकेच काय पण भिंतीवरचे आजोबांचे तसबिरीतले फोटोसुद्धा कुठे लागणार, हे आधी सांगावे लागते. त्या त्या ठिकाणी मागे जाड प्लाय किंवा जादा पोलादी पट्टी बसवली जाते. ओटीवर झोपाळा हवा, हा आमच्या काकूंचा आग्रह होता आणि तो योग्यच होता, कारण कोकणातल्या ओटीला झोपाळा नसेल तर ती नुसती मोकळी जागा होते. दोन माणसे बसून झोका घेत असता वरच्या आडव्या तुळईवर जो भार व हिसका येतो, तो एक मिलिमीटर जाडीच्या पट्टीने पेलण्यासारखा नसतो. तेथे कंपनीने स्वतंत्र खांबांवर जाड पोलादी तुळई दिली. गणपतीसाठी बाहेरच्या खोलीची एक भिंत खिडकीविना ठेवून वर मंडपी टांगण्यासाठी कड्या ठेवणे, मागच्या दाराशी चूल मांडता येईल अशी वेगळी पडवी ठेवणे, या गोष्टीही आराखड्यात सहज बसल्या.

मात्र आराखड्यावर अंतिम सही झाल्यानंतर या पद्धतीचे रूप बदलते. पोलादी पट्टीची गुंडाळी यंत्रात जाते, यंत्र संगणकावरील आराखड्याप्रमाणे प्रत्येक तुकडा कापते, वायर आणि नळांसाठी भोके पाडते, स्क्रूच्या जागा दाबते आणि तुकड्यावर क्रमांकही छापते. हे सारे अक्षरशः काही तासांचे काम असते, आणि नंतर दार चार इंच सरकवायचे म्हटले तर अख्खा सांगाडा नव्याने करावा लागतो. ज्यांच्या घरी वास्तुशास्त्राचे जाणकार पाहुणे उशिरा येतात त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कारखान्याची पाहणी मागावी. चांगली कंपनी नाही म्हणत नाही. तेथे पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. पोलादावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप किती आहे, हे गुंडाळीच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले असते: जस्ताचा असेल तर चौरस मीटरला २७५ ग्रॅम आणि ॲल्युमिनियम-जस्ताचा असेल तर १५० ग्रॅम, हे या कामात नेहमी आढळणारे चांगल्या दर्जाचे आकडे आहेत. किनाऱ्याजवळ याहून कमी स्वीकारू नये. कापलेल्या कडा व स्क्रू यांना गंज आधी धरतो, म्हणून स्क्रू कोणते वापरणार हेही लेखी घ्यावे. न्हाणीघराच्या कप्प्यात पाणी साठवून २४ तास ठेवण्याची चाचणी आमच्यासमोर सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशीचे छायाचित्र कंपनीने आपणहून पाठवले. या कप्प्यातून आजवर पाण्याचा थेंबही झिरपलेला नाही.

आता जोत्याकडे वळतो. कंपनीच्या दरपत्रकात पाया नव्हता. तो ‘ग्राहकाकडून’ होता. कंपनीने नकाशा दिला, गावातल्या गवंड्याने जांभ्याचे जोते व वर काँक्रीटचा पट्टा घातला. दोघेही आपापल्या कामात तरबेज, परंतु दोघांचे माप निराळे. कारखान्याचा सांगाडा मिलिमीटरच्या हिशेबाने येतो, तर “दोन सूत इकडेतिकडे चालते” हे गवंडीकामाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आणि चिऱ्याच्या घरासाठी अगदी रास्त तत्त्व आहे. जोत्यात आधीच रोवून ठेवलेले बोल्ट सांगाड्याच्या भोकांशी जुळले नाहीत, कर्णाच्या मापातही फरक निघाला, आणि जोडणीची टोळी हात बांधून उभी राहिली. शेवटी नवी भोके पाडून रासायनिक चिकटद्रव्यात बोल्ट बसवले गेले. त्याचा खर्च कोणी द्यायचा यावर जो वाद झाला तो टाळता आला असता, जर पट्टा ओतण्यापूर्वी कंपनीच्या माणसाने जागेवर येऊन मापे तपासण्याची अट करारात असती. कंपनी ही अट सांगितल्याशिवाय घालत नाही. आपण घालून घ्यावी.

बोल्टचा विषय किरकोळ वाटेल, पण हलक्या घराच्या बाबतीत तोच सर्वांत गंभीर आहे. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची आठवण असलेल्या या पट्ट्यात घर हलके असणे ही जमेची बाजू आहे, परंतु वाऱ्यासाठी तीच उणी बाजू ठरते. चिऱ्याची भिंत स्वतःच्या वजनाने बसून राहते. पोलादी सांगाडा बोल्टांनी धरून ठेवावा लागतो. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी अनुक्रमे सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने या दोन आकड्यांमधील फरक भारात पाव हिश्शाहूनही अधिक होतो. आमच्यासाठी पहिली गणना पुण्याच्या आकड्यावर केलेली होती. निसर्ग वादळ पाहिलेल्या माणसाने त्यावर समाधान मानण्याचे कारण नव्हते. आम्ही मुंबईचा आकडा धरून पुन्हा गणना मागितली, आणि बोल्टांची संख्या, छपराचे पट्टे व कोपऱ्यांतील तिरपे आधार वाढले. खर्चात पडलेली भर एकूण किमतीच्या मानाने नगण्य होती. संरचना अभियंत्याच्या सहीची गणना मिळाल्याशिवाय कोणीही आगाऊ रक्कम देऊ नये.

प्रत्यक्ष जोडणी मात्र पाहण्यासारखी झाली. हायड्राने, म्हणजे चाकांवरच्या क्रेनने, न्हाणीघराचा कप्पा गडग्यावरून उचलून जोत्यावर ठेवला तेव्हा अर्धी वाडी जमली होती. पुढे सांगाडे उभे राहण्याचा वेग गावाने कधी पाहिलेला नव्हता. भिंती, छप्पर, बोर्ड, वायरिंग, रंग, सारे काही आठवड्यांत उरकले. टोळीतील मुले कुशल होती, शांतपणे काम करणारी होती, आणि क्रमांक लावलेले तुकडे एकही उणा-अधिक न होता जागच्या जागी बसले.

पहिल्याच आषाढात गळती सुरू झाली ती तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणे सांध्यांची. तयार कप्प्याची भिंत व जागेवर जोडलेली भिंत जिथे मिळतात तिथे. मुख्य छपराला पडवीचा पत्रा जिथे टेकतो तिथे. आणि खिडकीच्या खालच्या चौकटीशी. पुण्यातला पाऊस वरून खाली पडतो, दापोलीतला वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि खालून वरही चढतो. कंपनीने दिलेला आच्छादनाचा पत्रा पुण्याच्या पावसाच्या मापाचा होता आणि बाकी भरवसा सिलिकॉनच्या भरावावर. सिलिकॉनचा भराव कायमचा टिकत नाही. पावसाची दिशा ओळखून पत्र्याची घडी लांब ठेवणे हाच खरा उपाय असतो. तक्रारीनंतर माणसे आली, पण पाऊस उघडल्यावर. मग पत्रे बदलले गेले, खिडक्यांवर खोल छज्जे आले, पश्चिमेच्या बाजूचे छप्पर पुढे काढले गेले, आणि पुढच्या पावसात घर कोरडे राहिले. कोकणातल्या जुन्या घरांची वळचण इतकी पुढे का असते, हे कारखान्याच्या आरेखनकर्त्याने एक पावसाळा इथे राहून पाहिले असते तर हा सारा द्राविडी प्राणायाम वाचला असता.

राहण्याचा अनुभव एकंदरीत सुखद आहे, पण तो चिऱ्याच्या घराचा अनुभव नाही. चिऱ्याची जाड भिंत दिवसभर उष्णता रोखून धरते. हे घर एप्रिलच्या दुपारी लवकर तापते आणि सूर्य कलल्यावर तितक्याच लवकर निवते. छपरात फोमचा थर असल्यामुळे पत्र्याच्या शेडसारखा कडकडाट होत नाही, तरी मुसळधार पावसात ओटीवर बोलताना आवाज चढवावा लागतो. वानरांची टोळी पहाटे छपरावरून धावू लागली की झोपलेला माणूस दचकून उठतोच. कौलारू छपरावर हीच मंडळी कौले फोडतात, तेव्हा नुसत्या आवाजावर निभावले असे आम्ही मानतो. वाळवीची भीती सांगाड्याला नाही, पण दारे, चौकटी आणि मागचे प्लाय यांना आहेच. पायाखालच्या मातीची वाळवीविरोधी प्रक्रिया ‘पोलादी घर आहे’ म्हणून गाळू नये. भिंती पोकळ असल्याने नळ व वायर आत शिरतात ती भोके नीट बुजवलेली नसली तर उंदरांना आयताच राजमार्ग मिळतो. आणि पावसाळाभर बंद ठेवलेल्या घरात बुरशी येते. हे जुन्या घरातही होत असे, पण तिथे कौलांच्या फटींतून वारा खेळत असे. इथे घट्ट बंद खोल्यांसाठी जाळीचे झरोके आणि पोटमाळ्याला हवेची वाट आम्हाला नंतर करून घ्यावी लागली.

पैशाचा भाग. दर चौरस फुटाला अडीच हजारांच्या जवळपास होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गवंड्याने चिऱ्याच्या घराचा दिलेला अंदाज याच्या फार खाली नव्हता, त्यामुळे हे घर स्वस्त पडते या समजुतीने कोणी त्याकडे जाऊ नये. दरपत्रकात नसलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे: पाया, जोते, शोषखड्डा, विहिरीवरचा पंप, मीटरपासून घरापर्यंतची वीज, हायड्राचे भाडे, माल उतरवण्याची मजुरी, टोळीच्या राहण्या-जेवणाची सोय. हे सारे मिळून मूळ रकमेत जवळपास तिसऱ्या हिश्शाची भर पडली. रक्कम देण्याचे वेळापत्रकही कंपनीच्या बाजूने झुकलेले असते, कारण माल कारखान्यातून निघण्यापूर्वी बहुतेक सर्व पैसे मागितले जातात. बरीच घासाघीस करून आम्ही दहावा हिस्सा पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवला, आणि गळतीची दुरुस्ती पुढच्या पावसाआधी झाली ती वॉरंटीमुळे की या राखीव रकमेमुळे, याविषयी मला फारशी शंका नाही. स्वतःच्या जागेवर घर बांधून घेण्याचा असा करार रेराच्या, म्हणजे विकासकांच्या गृहप्रकल्पांसाठीच्या कायद्याच्या, कक्षेत येत नाही. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत गृहबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून करार, दुरुस्त्या आणि पैशाच्या पावत्या नीट जपून ठेवाव्यात.

विक्री प्रतिनिधीने केलेले एक विधान मात्र खोडून काढायलाच हवे. “हे हलवता येणारे घर आहे, त्यामुळे परवानगी लागत नाही,” असे आम्हाला सांगण्यात आले, आणि असे अनेकांना सांगितले जाते. जोत्यावर बोल्टने बसवलेले, वीज-पाणी-सांडपाणी जोडलेले राहते घर हे बांधकामच असते. आमची जागा गावठाणात असल्याने बिनशेतीचा प्रश्न आला नाही. ग्रामपंचायतीकडे रीतसर कागद देऊन परवानगी घेतली आणि पुढे नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नव्या घराची नोंद करून घरपट्टी सुरू झाली. शेतजमिनीवर असे घर ठेवू इच्छिणाऱ्यांनी तहसील कार्यालयात आणि किनाऱ्याजवळ असल्यास सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नकाशात आधी चौकशी करावी. गृहकर्जाच्या बाबतीत आमच्या बँकेने चक्क नकार दिला. कारखान्यात तयार होणाऱ्या मालावर टप्प्याटप्प्याने कर्ज कसे सोडायचे, याची त्यांच्याकडे रीतच नव्हती. दुसऱ्या बँकेत न जाता आम्ही ठेवी मोडल्या, पण ज्यांना कर्ज लागणार आहे त्यांनी कंपनी निवडण्याआधी बँक निवडावी.

विक्रीपश्चात सेवेला मी मध्यम गुण देईन. फोन उचलला जातो, सौजन्याने बोलले जाते, मात्र पुण्याहून माणूस येईपर्यंत आठवडे जातात, आणि गावातला कोणी फॅब्रिकेटर किंवा सुतार या भिंतींना हात लावायला धजत नाही. म्हणून जोडणी चालू असताना दापोलीतील एका वीजतंत्र्याला आणि एका फॅब्रिकेटरला आम्ही टोळीबरोबर उभे केले व भिंतीच्या आतल्या मांडणीची छायाचित्रे त्यांना दिली. आता किरकोळ कामे तेच करतात. वॉरंटीच्या कागदात सांगाड्याला दीर्घ मुदत दिलेली असली, तरी रंगीत पत्रा आणि स्क्रू यांच्या मुदतीत समुद्रापासूनच्या अंतराची अट बारीक अक्षरांत असते. आमच्या जागेपासून समुद्र दिसत नाही, पण खारा वारा येतो, आणि पश्चिमेकडच्या काही स्क्रूंच्या माथ्यावर तांबूस ठिपके दिसू लागले आहेत. कंपनीने ते बदलून देण्याचे मान्य केले आहे. बदलताना स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत, असे आम्ही या वेळी लेखी मागितले आहे.